नखातली यंत्रे

एकदा एक वृद्ध आचार्य होते. त्यांचे सारे काम डोळ्यांना न दिसणारे. ते यंत्रे घडवीत, पण केसाच्या जाडीचे दहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. वाळूपासून केलेल्या गुळगुळीत चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तेवढा भाग तेजाबाने झिजवायचा आणि उरेल ते यंत्र. कार्यशाळेत शिरताना टोपी, मुखपट्टी आणि पांढरा झगा घालावा लागे, कारण धुळीचा एक कण पडला की आठवड्याची मेहनत पाण्यात. आत घासभर अन्न नेण्याचीही मनाई होती.

आचार्यांचा आणखी एक नियम होता. कुपीतून जेवढी यंत्रे बाहेर सोडाल, तेवढी मोजून परत कुपीत आणा. त्यासाठी प्रत्येक यंत्राला निकेलचा बारीक पट्टा चढवला जाई, म्हणजे लोहचुंबक फिरवला की यंत्रे निमूटपणे ओढली जात. हा पट्टा चढवायला एकेका खेपेला महिना लागे. नवे शिष्य कुरकुर करीत आणि जुने शिष्य त्यांच्याकडे पाहून हसत.

त्यांच्या सर्वांत हुशार शिष्याने एक अजब यंत्र घडवले. ती एक इवलीशी डबी होती. पाण्यात पडली की तिचे झाकण उघडत असे, आतला लेप पाण्यातले फ्लोराइड ओढून घेई आणि झाकण मिटे. जवळच माळावर एक वस्ती होती. तिथल्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड फार. मुलांचे दात तांबूस, आणि चाळिशीतली माणसे वाकून चालायची. शिष्याला त्या वस्तीची खरोखर कळकळ होती, हे मी मुद्दाम सांगतो. तो वाईट माणूस नव्हता. वाईट गोष्टी करायला वाईट माणसे लागतातच असे नाही, घाईत असलेली चांगली माणसेही पुरतात.

ही बातमी एका व्यापाऱ्याच्या कानावर गेली. तो आला, यंत्र पाहून डोलला आणि म्हणाला, "विहिरीत सोडून बघू. पण तो पट्टा कशाला? महिना जातो त्यात. पाणी स्वच्छ झाल्याशी मतलब."

"वस्तीतल्या लोकांना विचारायला हवं ना?" शिष्य म्हणाला.

"विचारून काय करणार? तुमची यंत्रं डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना कळणारही नाही."

त्यांना कळणारही नाही. हे वाक्य उच्चारताना त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. उलट आपण फार सोयीचे काही सांगितले, असा त्याचा आविर्भाव होता. मला राग येतो तो याचा. आणि शिष्याने काय केले? मान डोलावली. बिनपट्ट्याची हजार यंत्रे एका कुपीत भरली आणि सोमवारी विहिरीवर जायचे ठरवले.

हे आचार्यांच्या कानावर गेले होते; रविवारी सकाळी त्यांनी त्याला कार्यशाळेबाहेरच्या पडवीत बोलावले. समोर पाण्याने भरलेले काचेचे घंगाळ होते, शेजारी ती कुपी आणि सूक्ष्मदर्शक. ते म्हणाले, "हजार सोड. हजार परत आण. मग खुशाल विहिरीवर जा."

शिष्याला वाटले, हा कसला पोरखेळ. त्याने कुपी घंगाळात ओतली. हातमोज्यात कुपीचे झाकण निसटत होते म्हणून मोजे आधीच काढून ठेवले होते. मग अतिसूक्ष्म जाळीतून पाणी गाळले, जाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मोजणी केली. नऊशे बासष्ट. पुन्हा गाळले, पुन्हा नऊशे बासष्ट. दुपार झाली, घाम फुटला, पण अडतीस यंत्रे काही सापडेनात.

तेवढ्यात आचार्य हातात ताट घेऊन आले. ताटात ज्वारीची भाकरी, पिठले आणि कांदा. शिष्य चकितच झाला. यंत्रांच्या आसपास अन्न आणू नका म्हणून चौदा वर्षे ओरडणारा हा माणूस स्वतः ताट घेऊन आला होता.

"हात धू आणि जेव," आचार्य म्हणाले.

त्याने हात धुतले आणि भुकेच्या सपाट्यात भाकरी संपवली. आचार्य समोर बसून पाहत राहिले. जेवण झाल्यावर म्हणाले, "आता उजव्या हाताची बोटं काचेखाली धर."

शिष्याने सूक्ष्मदर्शकात डोकावले. अंगठ्याच्या नखाच्या कडेला चार डब्या चिकटलेल्या होत्या. तर्जनीच्या रेषांत सहा. इतकी लहान वस्तू आपल्या वजनाने खाली पडत नाही, ती जिथे लागेल तिथे चिकटून बसते. हे त्यानेच नव्या मुलांना दहा वेळा शिकवले होते, पण स्वतःच्या हाताच्या बाबतीत विसरला. आचार्यांनी रिकामे ताट काचेखाली सरकवले. कडेला भाकरीचा तुकडा उरला होता. त्यावर दोन.

शिष्याचा हात आपोआप पोटावर गेला. 

"गुरुजी, मी... मी ती खाल्ली?"

"काही खाल्ली असशील. पोटात गेल्यावर ती काय करतात?"

"माहीत नाही."

"बाहेर पडतात की आत बसतात?"

"माहीत नाही, गुरुजी! आम्ही फक्त पाण्यात तपासली." आणि मग त्याचा संताप उसळला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो गुरूवर ओरडला. "तुम्हाला ठाऊक होतं! माझ्या हाताला लागली असणार हे ठाऊक असून मला जेवायला वाढलंत! माझं शरीर आहे हे! मला एका शब्दाने विचारलं नाहीत?"

 आचार्यांचाही आवाज चढला.

"हेच वाक्य ऐकायला मी सकाळपासून बसलोय. तुझ्या पोटात पाच-सात गेली असतील, तर तुझा हा थरकाप. उद्या अडीचशे माणसांच्या घागरीत हजार सोडणार होतास, तेव्हा हा संताप कुठे होता? ती माणसं गरीब आहेत म्हणून त्यांची पोटं तुझ्यापेक्षा वेगळी आहेत का? औषध चांगलं आहे म्हणून न विचारता कुणाच्या घशात ओतायचं? अरे, घंगाळात सोडलेली अडतीस तुला सापडेनात, विहिरीत सोडलेली काय शोधणार होतास!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "भिऊ नकोस. काल मी कुपी बदलली. यात नुसत्या कोऱ्या डब्या होत्या, त्यांवर तुझा लेप नव्हता. वाळूचे कणच ते, अपाय नाही. पण तुला न विचारता केलं ते केलंच. त्याबद्दल माझ्यावर रागाव. तो राग जपून ठेव, विसरू नकोस."

शिष्याने पुन्हा एकदा आपल्या नखांकडे पाहिले. मग त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला, "यंत्रे विहिरीत जाणार नाहीत." व्यापाऱ्याने त्याला मूर्ख म्हटले आणि दुसरा कारागीर शोधायला निघून गेला. अशा लोकांना दुसरे कारागीर मिळतातही.

म्हणूनच सोमवारी शिष्य विहिरीवर गेला, पण रिकाम्या हाताने. तिथे वस्तीतल्या ठकूबाई घागर भरत होत्या. वय पन्नाशीचे, गुडघे धनुष्यासारखे बाकलेले. शेजारच्या बायाही थांबल्या. त्याने सगळे सांगितले. डबी काय करते, ती किती लहान आहे, व्यापारी काय म्हणाला, तो आता दुसरा कारागीर कसा शोधतो आहे आणि आपण काय करायला निघालो होतो, काहीही लपवले नाही. बायांत कुजबुज झाली. एकीने त्याला चार शब्द सुनावले, ते त्याने मुकाट्याने ऐकले.

ठकूबाईंनी घागर खाली ठेवली. "सोडलेलं परत काढता येतं का?"

"पट्टा चढवला तर येतं. पण पोटात गेलं तर काय होतं, ते मला अजून ठाऊक नाही."

"मग ते आधी शिक. तोवर कुणी दुसरा कुपी घेऊन आला, तर त्याला विहिरीजवळ फिरकू देणार नाही आम्ही." त्यांनी घागर पुन्हा उचलली. दोन पावले चालून वळल्या आणि म्हणाल्या, "पण भाऊ, लवकर शिक. माझे गुडघे तुझी वाट बघत थांबत नाहीत."

शिष्य परतला. त्याने झगा चढवला, टोपी घातली आणि पहिल्या चकतीवर निकेलचा पट्टा चढवायला बसला. डबी पोटात गेल्यावर काय होते, तेही त्या दिवसापासून तो तपासू लागला, आणि त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

'तुम्हाला कळणारही नाही' असे आपल्यालाही कुणी ना कुणी गोड आवाजात सांगत असते. तेव्हा हसून मान डोलावू नये, आधी विचारावे की सोडलेले परत काढता येते का.