चिचुंद्रीचं पिलू आणि गंजकी पेटी

एक होती चिचुंद्री. हो, चिचुंद्रीच. आत्तापासून नाक मुरडू नका, गोष्ट अजून पुढे आहे.

चिचुंद्री राहायची चिकूच्या वाडीत, हरेश्वरकाकांच्या शेडमध्ये. काकांना जुन्या ट्रॅक्टरांचं भारी वेड. मोठाले ट्रॅक्टर नाहीत हं. बुटके. बागेत झाडांखालून जाणारे. कुणाला चाक नाही, कुणाला दिवा नाही. लोक म्हणायचे, "काका, हे भंगार कशाला जमवता?" काका म्हणायचे, "भंगार नाही. म्हातारे झालेत, एवढंच."

सगळ्यात म्हातारा होता बुटकोबा. रंगाने तांबडा. त्याच्या सीटशेजारी हत्यारांची एक पत्र्याची पेटी. पाने ठेवायची, पक्कड ठेवायची.

चिचुंद्रीला चार पिलं. ती चालायची कशी, ठाऊक आहे? पहिल्याने आईची शेपटी तोंडात धरायची. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. आणि सगळ्यात मागे धाकटं.

एकदा दुपारी अशीच वरात निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चाकावरून वर, सीटवरून खाली. चिचुंद्रीने वळून पाहिलं. पिलं तीनच.

धाकटं पेटीत डोकावलं होतं. आणि झाकण पडलं. खटाक!

आतून आवाज आला, "चुं चुं. चुं चुं."

"भिऊ नको रे बाळा," चिचुंद्री म्हणाली. पण तीच भ्याली होती. ऊन दारात आलं होतं. ते रोज आत यायचं. आधी उंबऱ्यावर. मग चाकावर. मग सीटवर. मग पेटीवर. आणि पेटी तापली की तिचा तवाच व्हायचा.

चिचुंद्रीने तीन पिलांना जुन्या टायरमध्ये बसवलं. "हलायचं नाही," म्हणाली. आणि पेटीकडे आली.

"पेटीबाई, पेटीबाई, उघड. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

पेटी म्हणाली, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा." चिचुंद्री मागे सरली.

पेटी म्हणाली, "मी आहे गंजलेली. तेल मिळाल्याशिवाय मी उघडायची नाही."

चिचुंद्री निघाली. भिंतीच्या कडेकडेने. तुरुतुरु तुरुतुरु. फळीवर होती तेलाची कुप्पी.

"कुप्पीताई, कुप्पीताई, तेल दे. पेटी उघडेना. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

कुप्पी म्हणाली, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा." चिचुंद्री मागे सरली.

कुप्पी म्हणाली, "माझ्या चोचीत अडकलाय कचरा. तारेने कोरल्याशिवाय मी तेल द्यायची नाही."

ऊन आलं उंबऱ्यावर.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. खिळ्याला टांगलेली होती तार. तारेत ओवलेले होते वायसर. वायसर म्हणजे मधे भोक असलेल्या गोल चकत्या. काका ट्रॅक्टर खोलतात ना, तेव्हा त्याच्या चकत्या तारेत ओवतात आणि गाठ मारतात. हरवायला नकोत म्हणून.

"तारमावशी, तारमावशी, चोच कोर. कुप्पी तेल देईना. पेटी उघडेना. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

तार म्हणाली, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा." चिचुंद्री मागे सरली.

तार म्हणाली, "मला मारलीये गाठ. काकांनी सोडल्याशिवाय मी यायची नाही."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बुटकोबाखाली होते काका. पाय बाहेर, डोकं आत.

"काका, काका, गाठ सोडा. तार येईना. कुप्पी तेल देईना. पेटी उघडेना. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

काका म्हणाले, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा." चिचुंद्री मागे सरली.

काका म्हणाले, "बुटकोबाचा एक वायसर हरवलाय. दहा दुकानं पालथी घातली. असला जुना वायसर कुठे मिळत नाही. तो मिळाल्याशिवाय मी गाठ सोडायचा नाही."

अहो काका, पिलू अडकलंय की. पण काकांच्या डोक्यात नुसता वायसर, वायसर आणि वायसर. काय बोलायचं अशा माणसाला?

ऊन आलं चाकावर. पेटीतून आवाज आला, "चुं चुं." जरा बारीक.

चिचुंद्रीने पेटीकडे एकदा पाहिलं. ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अंगणात होती शेजारची रेणू. तिच्या बाहुलीचं होतं लग्न. आणि बाहुलीच्या हातात काय होतं? बांगडी. गोल गोल, चकचकीत. अगं रेणू, ही कसली बांगडी? हा तर काकांचा वायसर!

"रेणूताई, रेणूताई, वायसर दे. काका गाठ सोडेनात. तार येईना. कुप्पी तेल देईना. पेटी उघडेना. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

रेणू म्हणाली, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा." चिचुंद्री मागे सरली.

रेणू म्हणाली, "नवरीचा हात मोकळा कसा ठेवू? आई म्हणते, नवरीला हिरवा चुडा लागतो. हिरवा चुडा मिळाल्याशिवाय मी ही बांगडी द्यायची नाही."

आता हिरवा चुडा आणायचा कुठून? चिचुंद्रीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुंपणाशी होतं गवत. हिरवंगार, लांब लांब.

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गवतदादा, गवतदादा, पातं दे. रेणू वायसर देईना. काका गाठ सोडेनात. तार येईना. कुप्पी तेल देईना. पेटी उघडेना. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

गवत म्हणालं, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा." चिचुंद्री मागे सरली.

गवत म्हणालं, "माझ्यावर बसलाय नाकतोडा. करकर करकर खातोय मला. तो उठल्याशिवाय मी पातं द्यायचं नाही."

ऊन आलं सीटवर. आता पेटी तेवढी राहिली.

गवताच्या शेंड्यावर होता नाकतोडा. पायावर पाय टाकून बसलेला.

"नाकतोड्या, नाकतोड्या, ऊठ. गवत पातं देईना. रेणू वायसर देईना. काका गाठ सोडेनात. तार येईना. कुप्पी तेल देईना. पेटी उघडेना. पिलू माझं आत, पिलू माझं आत."

नाकतोडा म्हणाला, "फूः. कसला हा वास. लांब उभी राहा."

नाकतोडा म्हणाला, "मी नाही उठायचा." एवढंच. आणि खायला लागला, करकर करकर.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. चिचुंद्रीला रडू आलं. शेडमधून आवाज आला, "चुं." एकदाच.

मग चिचुंद्रीला आला राग. "लांब राहू?" ती म्हणाली. "नाही राहत लांब."

आणि ती एक पाऊल पुढे गेली.

"लांब हो," नाकतोडा म्हणाला.

ती आणखी पुढे गेली.

"लांब हो गं बाई," नाकतोडा म्हणाला. त्याने नाक दाबलं या पायाने. त्याने नाक दाबलं त्या पायाने. पण वास काही थांबेना.

ती अगदी जवळ गेली. नाकाला नाक लावलं. नाकतोड्याच्या आले नाकी नऊ. टण्ण! उडाला तो, आणि गेला कुंपणापार.

मग काय.

नाकतोडा उठला. गवताने पातं दिलं. रेणूने पात्याचा चुडा वळला, हिरवा हिरवा. नवरीला घातला आणि वायसर काढून दिला. चिचुंद्रीने तो नाकात अडकवला. नाक लांब होतं ना, बरोबर बसला. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. काका बाहेर आले. वायसर पाहिला आणि खाली बसूनच राहिले. "आला का रे बाबा," म्हणाले. काकांनी गाठ सोडली. तार आली सरसर. तारेने चोच कोरली. कुप्पीने तेल दिलं. टप. टप. टप.

ऊन पेटीवर आलं होतं. नुकतंच.

पेटी उघडली. कर्रर्र!

आत काळोख होता. आवाज नव्हता. चिचुंद्रीने हाक मारली, "बाळा." काहीच नाही. तिने पुन्हा हाक मारली, "बाळा रे." काकाही वाकून पाहू लागले.

मग चिचुंद्रीने नाक आत घातलं.

कोपऱ्यात पक्कड होती. पकडीमागून एक बारकंसं नाक वर आलं. हुंग हुंग. हुंग हुंग.

"आईचा वास," पिलू म्हणालं. "माझ्या आईचा वास आला."

त्यानंतर फूः कुणी म्हणालं नाही.

काकांनी वायसर बसवला. बुटकोबा खोकला, शिंकला आणि लागला बोलायला. फट् फट् फट् फट्. रेणू नवरीला घेऊन सीटवर बसली आणि वरात चिकूच्या झाडांखालून निघाली.

चिचुंद्रीचीही वरात निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पण आता धाकटं मागे नव्हतं. धाकट्याने धरली आईची शेपटी, घट्ट. बाकीची त्याच्या मागे.

शेपटीला शेपटी जुळली, गोष्ट घराकडे वळली.