मिनिटामिनिटाची मोजणी

“मठात तो राहणार की मी, एवढंच सांगा बुवा.”

उपेंद्र सबनीस अंगणातच उभा राहून बोलला. पायांतल्या चपला तशाच होत्या आणि नमस्काराचं तर नावच नव्हतं. रागाने त्याचे कान लालभडक झाले होते.

तारबुवा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ओझं कुठाय?” त्यांनी विचारलं.

आता हे तारबुवा कोण, ते आधी सांगून टाकतो. तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उन्हापावसात खांबावर चढून तारा जोडल्या, शिव्या खाल्ल्या आणि दिल्या. नोकरी संपल्यावर आजऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या पडक्या मठात येऊन बसले, आणि लोकांनी त्यांना बुवा करून टाकलं. गोड बोलून कुणाची समजूत काढणं त्यांना जन्मात जमलं नाही.

मठाला गाडीरस्ता नाही. पायथ्यापासून एकशे बारा पायऱ्या चढून यावं लागतं. म्हणून बुवांनी एक रीत घालून दिली होती. दर्शनाला खुशाल रिकाम्या हाताने या, पण तक्रार असेल तर पायथ्याहून एक ओझं वर घेऊन या. तांदूळ, लाकडं, पाणी, जे पडलं असेल ते. मठात राहणाऱ्यांनाही त्यातून सूट नव्हती. निम्म्या तक्रारी पायथ्यालाच मिटायच्या.

उपेंद्रला ही रीत ठाऊक होती. आज ती त्याने मुद्दाम मोडली होती, कारण आपली तक्रार साधी नाही अशी त्याची खात्री होती.

“बुवा, एक बाई मरता मरता वाचलीय,” तो म्हणाला. “आणि तुम्ही ओझं विचारताय?”

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

“बोल,” ते म्हणाले. “ओझं मागनं आणशील.”

उपेंद्र बोलला. बोलला कसला, भांडला.

खालच्या वाडीत मठाचा दवाखाना होता. तिथे मुल्ला डॉक्टरीणबाई एकट्या सगळं बघायच्या. बाळंतपण अवघड दिसलं की त्या सोनोग्राफी करत आणि तेच हलतं चित्र इंटरनेटवरून कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवत. चित्र दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून दोन्हीकडे एकेक राउटर होता आणि दोघांत व्हीपीएनचा बोगदा बांधला होता. इकडचा राउटर प्रत्येक गोष्टीला कुलूप घालून पाठवायचा, तिकडचा कुलूप काढून घ्यायचा. कुलूप घालायचं काम राउटरच्या पोटातल्या प्रोसेसरचं.

हा बोगदा भैरू चौगुल्याने बांधला होता. भैरू अकरा वर्षं मठात होता, गडहिंग्लजच्या आयटीआयमध्ये शिकलेला, कमी बोलणारा. त्याने राउटर घेतले होते साधे, हातभर खोक्यात दोन मावतील असे. दिवाळीपासून ते बिनतक्रार चालले. डॉक्टरीणबाईंनी एकदा सगळ्यांच्या पंगतीत भैरूचं नाव घेऊन कौतुक केलं.

आणि तिथेच उपेंद्रच्या पोटात दुखलं. मठात येऊन राहण्याआधी पुण्याच्या बड्या कंपनीत त्याने चार देशांचं नेटवर्क सांभाळलं होतं. हुशार होता, त्यात वादच नाही. पण आपण हुशार आहोत हे तो जेवतानासुद्धा विसरायचा नाही.

त्याने मोजायला घेतलं. पुण्याहून सहा तऱ्हेचे राउटर मागवले, तीन वेगवेगळ्या प्रोसेसरचे संगणक मांडले, आणि मठाच्या मागच्या खोलीत अकरा दिवस त्याच बोगद्याचा वेग प्रत्येकावर तपासला. कागदावर रकाने आखले. महागड्या यंत्राचा वेग सेकंदाला चारशे मेगाबिट. त्याच्या स्वतःच्या संगणकाचा नऊशे. भैरूच्या राउटरचा बावीस.

“बावीस!” तो आता ओरडला आणि तो कागद त्याने बुवांच्या शेंगांवर ठेवला. “मी तेव्हाच सांगितलं होतं, ही खेळणी काढून टाका. कोणी ऐकलं नाही.”

मग वाडीतल्या दवाखान्यात चित्र अडकायला लागलं. परवा, गुरुवारी तर हद्द झाली. शेवंता पाटील, सातवा महिना, पोटात कळा. चित्र पडद्यावर थिजलं ते हलेचना. कोल्हापूरच्या डॉक्टरांना काही दिसेना, तेव्हा तिला जीपमध्ये घालून घाटातून नेली. वाटेत बाईचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. पोटातलं बाळ सुखरूप होतं, पण बाई अजून कोल्हापुरात झोपून होती, आणि तिचा नवरा काल वाडीत येऊन सगळ्यांना शिव्या घालून गेला होता.

“नुसतं दिसलं असतं तर कळा खोट्या आहेत हे इथंच कळलं असतं,” उपेंद्र म्हणाला. “हे त्या भैरूचं पाप आहे. त्याला घालवा, नाहीतर मी जातो.”

भैरू फणसाखाली बसला होता. त्याने सगळं ऐकलं. त्याच्या शेजारी धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. मठ सोडून जायला सकाळीच बांधलं होतं. तो बुवांकडे बघत नव्हता.

“भैरू, तू काय म्हणतोस?” बुवांनी विचारलं.

भैरू म्हणाला की बाईचे हाल झाले हे खरं आहे, तेव्हा दोष आपलाच असणार. फक्त एकदा राउटरच्या दोन्ही टोकांना वेगळे संगणक लावून मोजलं असतं तर बरं झालं असतं, उपेंद्रदादा राउटरलाच मोजायला लावतात.

“तू मला शिकवू नकोस,” उपेंद्र म्हणाला. हे त्याने भैरूला पूर्वीही दोनदा ऐकवलं होतं.

बुवांनी कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला.

“चित्राला किती लागतंय?”

“आठ मेगाबिट. फार तर दहा.”

“आणि ह्याचं किती येतंय?”

“बावीस.”

“मग अडतंय कुठं?”

उपेंद्र चिडून म्हणाला की बावीस हा त्या दिवसाचा आकडा होता, आता तेवढाही येत नाही. कधी चार येतो, कधी दोन. प्रोसेसर शंभर टक्के राबतोय, तरी धापा टाकतोय. ह्याचा अर्थ यंत्रात दम नाही, लहान पोरालाही कळेल.

“तुला कसं कळलं, किती राबतोय ते?”

“मी बघतोय ना! सतत बघतोय. आधी रोज एकदा मोजायचो. वेग कमी दिसला म्हणून तासाला एकदा लावलं. आणखी पडला, तेव्हा मिनिटाला एकदा. दर मिनिटाला तो राउटर अर्धं मिनिट बोगदा भरून डेटा सोडतो आणि किती गेला ते मला कळवतो. रात्रंदिवस. एकही चूक माझ्या नजरेतून सुटणार नाही.”

बुवा उठले. गुडघे धरून उठले, पण उठले.

“चल खाली,” ते म्हणाले. “तुझं ओझं राहिलंय. भैरू, तू पण चल.”

उपेंद्रच्या अंगाचा नुसता भडका उडाला. इतकं सगळं सांगितलं आणि म्हाताऱ्याला पोत्याची पडलीय! पण गेला. रागारागात दोन दोन पायऱ्या उतरला.

पायथ्याला तांदळाची दोन पोती पडली होती, तीस तीस किलोची. भैरूने एक खांद्यावर टाकलं आणि चढायला लागला. बुवा त्याला काही बोलले नाहीत.

उपेंद्रने दुसरं उचललं. तो धडधाकट होता, तीस किलोचं त्याला काही वाटलं नसतं. बुवांनी त्याच्या खिशात एक वही आणि पेन्सिल खुपसली आणि त्याच्या शेजारून चालू लागले.

दहाव्या पायरीवर बुवा म्हणाले, “थांब. किती झाल्या?”

“दहा.”

“किती वेळ लागला? लिही वहीत.”

पोतं खाली ठेवावं लागलं. त्याने लिहिलं, पोतं पुन्हा उचललं. वर भैरू बराच पुढे गेला होता.

विसाव्या पायरीवर पुन्हा तेच. पुन्हा पोतं खाली, वही बाहेर, पेन्सिल बोटांत, पोतं खांद्यावर. ह्या वेळी पोतं जड लागलं.

पंचविसाव्या पायरीवर बुवांनी पुन्हा हात वर केला.

“दहा पायऱ्यांनी विचारत होतात ना?” उपेंद्र दात खाऊन म्हणाला.

“तुझा वेग पडलाय,” बुवा म्हणाले. “म्हणून जास्त वेळा बघाय लागतंय.”

मग पाच पायऱ्यांवर. मग तीन. पन्नाशीच्या पुढे तर प्रत्येक पायरीवर. किती झाल्या, किती वेळ लागला, लिही. उपेंद्रचा सदरा पाठीला चिकटला, पेन्सिलीचं टोक मोडलं, ते त्याने दाताने कोरून काढलं. भैरू वर पोतं टाकून केव्हाच उभा होता आणि कठड्यावरून खाली बघत होता. त्याचं ते बघणं उपेंद्रला आणखी झोंबलं.

एकसष्टाव्या पायरीवर बुवा म्हणाले, “कमी पडतोयस. भैरू बघ पोचला. तुझ्यात दमच नाही.”

उपेंद्रने पोतं आपटलं. शिवण उसवली आणि तांदूळ पायऱ्यांवरून खाली सांडत गेले.

“अहो, तुम्ही विचारायचं थांबवलंत तर मी पोचेन ना वर!”

तो किंचाळलाच होता. समोरच्या डोंगरावर गुरं चारणाऱ्या माणसाने वळून पाहिलं.



...

तांदूळ सांडायचे थांबले. उपेंद्र धापा टाकत उभा होता, हातात वही तशीच. तिच्यात दहा-वीस-पंचवीस असे आकडे उतरत गेले होते आणि शेजारी वेळ वाढत गेला होता.

बुवा पायरीवर बसले. “ते चित्र कधीपासनं अडकतंय?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टरीणबाईंची पहिली तक्रार आली सतरा जानेवारीला,” उपेंद्र म्हणाला. तारखा त्याला तोंडपाठ असत.

“आणि तासाची मोजणी कधी लावलीस?”

तीही तारीख त्याला पाठ होती, त्या तक्रारीच्या आदल्याच दिवसाची. ती त्याच्या जिभेवर आली आणि तिथेच राहिली.

“मिनिटाची?”

“गेल्या... सोमवारी.”

शेवंताला गुरुवारी नेली होती.

उपेंद्रने वही मिटली, परत उघडली. मग एकाएकी वळला आणि पोतं तिथेच टाकून वर धावत सुटला. भैरूच्या अंगावरून गेला, मागच्या खोलीत शिरला, संगणकासमोर उभा राहिला. पडद्यावर वाडीतल्या राउटरचा आकडा होता. प्रोसेसर शंभर टक्के.

त्याने मोजणी बंद केली. बोट कळीवर ठेवायला त्याला थोडा वेळ लागला.

शंभर... चौसष्ट... तीस... नऊ.

नवावर आकडा स्थिर झाला. पडद्यावर त्याच्या अकरा दिवसांच्या तक्त्यातला बावीसचा आकडाही उघडा होता. तो आकडा आला होता तेव्हा तेच चिमुकलं यंत्र डेटा तयार करत होतं, कुलूप घालत होतं आणि वर हिशेबही देत होतं. महागड्या यंत्रांना मात्र त्याने दोन्ही बाजूंना संगणक लावून दिले होते, कारण ती यंत्रं त्याची होती.

अर्ध्या तासाने भैरूचा मोबाइल वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. त्या एवढंच विचारत होत्या की आज काय केलंस, चित्र अगदी स्वच्छ दिसतंय, दोन बायका तपासून झाल्या.

भैरूने उपेंद्रकडे पाहिलं. मग फोनवर म्हणाला की आपण काही केलं नाही, उपेंद्रदादांनी केलं.

हे उपेंद्रला सहन झालं नाही. भैरूने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तो तरातरा ओसरीवर आला. बुवा परत शेंगांपाशी बसले होते आणि अंगणात भैरूचं गाठोडं तसंच पडलं होतं.

आता त्याला स्वतःचाच राग आला होता, आणि तोही त्याने बुवांवरच काढला. तो म्हणाला की त्या बाईला घाटातून मीच नेली, भैरूने नव्हे. मला आधीच का नाही सांगितलंत? एका वाक्यात सांगता आलं असतं.

“भैरूनं दोनदा सांगितलं,” बुवा म्हणाले.



उपेंद्र म्हणाला, “दोघांतला एक जाणार असं मी बोललो होतो. मग मीच जातो. पण त्याआधी मला एकदा नीट मोजू द्या. दोन्ही टोकांना संगणक लावून, भैरू म्हणतो तसं. माझ्यामुळे किती वेग गेला, किती दिवस, किती बायका अडल्या, सगळं मला आकड्यांत हवंय. त्याशिवाय मला झोप लागणार नाही.”

बुवांच्या हातातली शेंग चिरडली गेली. इतका वेळ आवरून धरलेला राग त्यांच्या डोळ्यांत चढला, आणि टेलिफोनच्या खांबावरून ओरडायचे तसे ते ओरडले.

“ते गाठोडं सोड आधी त्याचं! आणि गाठी किती होत्या ते मला येऊन सांगू नकोस.”