सांगणारे दोघे

पाचगणीच्या त्या क्लबात चेअरमन रणनवरे म्हणतील ती पूर्व दिशा. ऐन थंडीत त्यांचे पाहुणे पोहायला उतरले, की तलावाचा हीटर हटकून बंद पडायचा. पंप सांभाळणारा भागोजी सांगायचा, "साहेब, गाळणी तुंबलीय, नवीच लागेल. पाणी पुढं सरकत नाही, म्हणून हीटर तापतो. फार तापला की हा स्विच त्याला बंद करतो."

"मग तो स्विचच काढून टाक," साहेब म्हणाले.

भागोजीनं हात लावला नाही. साहेबांनी दुसऱ्याकडून स्विच काढवला आणि भागोजीलाही घरी बसवलं.

थोड्याच दिवसांत हीटरच्या नळातून उकळतं पाणी आलं आणि गुडघ्यांसाठी पोहायला येणाऱ्या गोगटेबाईंची पाठ भाजली. बाईंना इस्पितळात नेल्यावर साहेबांनी सगळ्या नोकरांना तलावाकाठी उभं केलं. पोहायला शिकवणाऱ्या वैजयंतीच्या कानांतून बाईंचं ओरडणं अजून गेलं नव्हतं. आता खापर आपल्याच माथी फुटणार, हेही ती ओळखून होती.

"हीटर एवढा तापत होता, तर मला एकानंही सांगू नये?" साहेब गरजले.

वैजयंती म्हणाली, "सांगणारे दोघे होते, साहेब. एक तो स्विच आणि दुसरा भागोजी. दोघांनाही तुम्हीच काढलंत. आम्ही उरलो, ते न सांगणारे म्हणूनच उरलो."

नवा स्विच त्याच संध्याकाळी बसला. भागोजीला आणायला माणूस गेला, तर त्याच्या दाराला कुलूप होतं.