राही गुरवीण आणि देवापुढचं फळ

फार वर्षं झाली. किती, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितलं त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या काळी करंजखोप गावात महादेवाचं देऊळ होतं, आणि नवरा वारल्यावर देवळाची पूजा राही नावाच्या गुरविणीच्या हाती आली होती.

देवळामागं तिची बाग होती. महादेवाला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. बेल लागतो, तसा धोतरा लागतो, कण्हेर लागते, रुई लागते. जगाला जे नको ते त्या भोळ्याला हवं. म्हणून बागेतली निम्मी झाडं विषाची. कडेनं शेराचं कुंपण, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाईल असं. कुंपणावर गुंजेचा वेल, लालभडक मण्यांचा. पण राहीच्या हाताला असा गुण होता की वाळकी काठी रोवली तरी तिला कळी यायची, असं म्हणतात. बाग फुलली की वाटेनं जाणारी गुरंसुद्धा थांबून बघायची.

मग पोरं येणार नाहीत तर काय! आणि राही फटकळ. पोर दिसलं की निरगुडीची काठी घेऊन धावायची.

“निघा रे माकडांनो! तंगड्या मोडीन एकेकाच्या!”

पोरं कुंपणापलीकडं जाऊन नाचायची.

“राही राही, हाती काठी, धाव बघू आमच्या पाठी!”

का निघा, ते तिनं कधी सांगितलं नाही. काठी दाखवली की काम झालं असं तिला वाटायचं. मोठ्या माणसांना असंच वाटतं. पोराला शहाणं करण्यापेक्षा पळवून लावणं सोपं.

एका श्रावणी सोमवारी तानू परटीण देवाचं धुतलेलं वस्त्र घेऊन देवळात आली. कडेवर तिचा येदू. नुकतं कुठं नीट बोलायला लागलेलं पोर. तिनं त्याला खांबापाशी बसवलं, म्हणाली, “हलू नको रे राजा,” आणि उरलेले कपडे पिळायला विहिरीवर गेली.

येदू हलला नाही. बसून बघत राहिला. बाया येत होत्या, पिंडीपुढं केळं ठेवत होत्या, हात जोडत होत्या, आणि तेच केळं उचलून पोरांच्या हातावर देत होत्या. येदूलाही एक तुकडा मिळाला. खडीसाखर मिळाली. मग बाया गेल्या. पिंडीवर राहीनं स्वतःच्या हातानं वाहिलेलं धोतऱ्याचं फळ तेवढं राहिलं. काटेरी, पण पिकून आपोआप उकललेलं. आत वांग्याच्या बियांसारख्या बिया.

देवापुढचं खायचं असतं, एवढंच त्या लेकराला शिकवलं होतं. त्यानं पिंडीपाशी जाऊन बरोबर तेच केलं.

तानू परत आली तेव्हा पोराचं तोंड कुंकवासारखं लाल झालेलं. ओठ सुकलेले. डोळ्यातली काळी बाहुली एवढी मोठी की पांढरं दिसेना. हवेतून न दिसणाऱ्या मुंग्या वेचत होतं.

“येदू! अरे, काय झालं तुला?”

पोरानं तिच्याकडं बघितलं, आणि लांबच्या बाईकडं बघावं तसं बघितलं.

“तू कोण?” म्हणालं. “माझी आई कुठाय?”

तानूनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून राही बागेतून धावत आली. पोराच्या हनुवटीला चिकटलेली बी तिला दिसली. दुसरी एखादी म्हणाली असती, पोर सांभाळता येत नाही का? राही म्हणाली, “तानू, पोरी, हे माझ्या हातचं आहे.”

वैद्य नदीपलीकडच्या गावात, आणि नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. राहीनं पोर उचललं आणि बागेत धोतऱ्यापुढं जाऊन बसली. तानू मागोमाग.

“मी तुला पाणी घातलं,” राही त्या झाडावर कडाडली. “देवाच्या माथ्यावर बसवलं. आणि तू माझ्याच दारात लेकरू खातोस व्हय रे मुडद्या?”

तेव्हा धोतरा बोलला, असं म्हणतात. “माझ्यावर का ओरडतेस? विष सांभाळायचं काम देवानं दिलं, ते मी सांभाळतो. काटे धरले, वास धरला. तू मला ओळखतेस म्हणून तुला मी बाधत नाही. या लेकराला माझी ओळख कुणी करून दिली होती?”

राहीनं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. जन्मात पहिल्यांदा, असं म्हणतात.

मग तिनं काय केलं, तर पोराचा हात हातात घेतला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. “येदू बाळा, हा धोतरा. देवाचा आहे, आपला नाही. ही कण्हेर. दिसायला गोजिरी, पान-फूल तोंडात घालायचं नाही. ही रुई, हिचा चीक डोळ्यापासून लांब. हा शेर, याच्या कांड्या मोडायच्या नाहीत. ही गुंज, हिच्याशी खेळायचं नाही, दातानं फोडायची तर मुळीच नाही.” एकेका झाडापाशी जायची, नाव सांगायची, पोराचे हात जोडून लांबूनच नमस्कार करायला लावायची. आणि ज्या झाडाचं नाव घेतलं, ते झाड वारा नसताना वाकायचं. दर झाडामागं पोराच्या डोळ्यातलं थोडं थोडं काळं उतरत गेलं. पण ते गेलं कुठं? राहीच्या डोळ्यात गेलं.

बागेची फेरी पुरी झाली. पोरानं मान वळवली, तानूकडं बघितलं आणि म्हणालं, “आई, पाणी.”

तानू विहिरीकडं धावली.

राहीला त्या दिवसापासून ऊन सोसलं नाही. डोळे कायमचे मोठे आणि काळे झाले, दिवसाउजेडी तिला माणसाचा चेहरा कळेना. झाडं मात्र ती चालता चालता ओळखायची. झाडंच तिला हाक मारायची, असं म्हणतात.

आता एक ऐका. ही राहीची गोष्ट आहे, औषध नव्हे. तुमच्या पोरानं असलं काही चावलं, तर झाडापुढं बसून कान फुंकत राहू नका. घरचे उपाय करू नका. धावत दवाखाना गाठा आणि जे खाल्लं त्याची फांदी बरोबर न्या. राही आज असती तर तिनं हेच सांगितलं असतं, वर काठी दाखवून.

येदूचं कळलं तसा पाटील चार गडी आणि कुऱ्हाडी घेऊन आला. “गुरवीणबाई, बाग उपटून टाकतो. नकोच ही ब्याद.”

“उपटा की, पाटीलबाबा,” राही म्हणाली. “मग तुमच्या मळ्याचं शेराचं कुंपणही उपटा. ओढ्याकाठची कण्हेर उपटा. उकिरड्यावर धोतरा आहे, तो उपटा. सगळं रान उपटून झालं की मला सांगायला या. तोवर मी पोरांना चार नावं शिकवते.”

पाटील कुऱ्हाडी घेऊन परत गेला. आणि राहीनं काठी चुलीत घातली. त्यानंतर तिच्या दोन्ही हातांना कायम पोरं लोंबलेली असायची. तिला दिसायचं नाही, तर पोरं तिला चालवायची. पोरांना कळायचं नाही, तर ती पोरांना सांगायची. म्हातारी होऊन ती गेली कशी, तर एक दिवस पोरांचे हात सोडून बागेत शिरली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. जाताना झाडं वाकली, असं म्हणतात.

करंजखोपात आजही पिंडीवर धोतऱ्याचं फळ वाहताना गुरव मोठ्यानं ओरडतो, “हे देवाचं!” आणि सगळं देऊळ म्हणतं, “लेकराचं नाही!” पूजा झाली की ते फळ गुरव स्वतः उचलतो, पोरांच्या हाती लागू देत नाही.

आणि चालायला लागलेल्या प्रत्येक पोराची श्रावणात राहीची फेरी होते. मामा हात धरून बागेतून नेतो, गावातली सगळ्यात म्हातारी बाई एकेक नाव सांगते, पोर लांबून हात जोडतं. फेरी संपली की आईला समोर उभी करतात. म्हातारी पोराला विचारते, “ही कोण रे?”

 पोर ‘आई’ म्हणेपर्यंत कुणी प्रसादाला हात लावत नाही. काही पोरं लाजतात, बोलतच नाहीत, नुसती धावत जाऊन तिच्या पदरात तोंड घालतात.

तेही चालतं.