तिन्हीसांजेला मूल मागणाऱ्या जावेची कहाणी

ऐक सांजवाती, तुझी कहाणी. तू जळतेस म्हणून घर दिसतं. घर दिसतं म्हणून घरातलं दुःखही दिसतं.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराच्या वेशीपाशी तेल्याचं घर होतं. घरात म्हाळसाबाई सासू होती, तिचा धाकटा लेक हैबती होता, हैबतीची बायको येसू होती. अंगणापलीकडे पेंडीची खोपी होती. त्या खोपीत थोरली सून राही राहत होती. राहीचा नवरा तापानं गेला. मागं तान्हा लेक राहिला, तोही एका तिन्हीसांजेला तिच्या मांडीवरच गेला. तेव्हापासून सासूनं नेम केला. राहीनं दिवसा घाण्यावर यावं, तीळ पाखडावे, पेंड भरावी. दिवेलागणीला घरात पाऊल टाकू नये.

येसूची दोन बाळं गेली. मग तिसरं झालं. काळानं ओळखू नये म्हणून सुइणीनं ते केरात ठेवलं, केरातून उचललं, केरबा नाव ठेवलं. केरबा दिवसा दूध पिई, हसे, निजे. सूर्य मावळतीला टेकला की रडायला लागे. मुठी आवळी, गुडघे पोटाशी घेई, तोंड जास्वंदीसारखं लाल होई. दूध दिलं, घेईना. पाळण्यात घातलं, निजेना. गाणं म्हटलं, ऐकेना.

मग काय केलं? सासूनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर धूर झाला, सगळी खोकली, बाळ रडलं. हैबतीनं भगताकडून अंगारा आणला. कपाळाला लावला, बाळ शिंकलं, बाळ रडलं. सुइणीनं बेंबीभोवती हिंग लावला. बाळ क्षणभर थांबलं, सगळ्यांनी देवाला हात जोडले, बाळ रडलं.

हैबती म्हणाला, "आपला बैल बरा. संध्याकाळी सोडला की मुकाट उभा राहतो."

येसू म्हणाली, "मग पोराला बैलालाच पाजू द्या. मी घाण्याला जुंपून घेते."

सासू म्हणाली, "माझी पोरं कधी अशी रडली नाहीत."

हैबती म्हणाला, "मी रडायचो, आई. काकू सांगते."

"काकू बहिरी आहे," सासू म्हणाली.

त्या घराची एक रीत होती. तेल्याचं दार, दिवसभर तेलाला माणसांची रीघ. पण दिवा लागला की घरातलं काही बाहेर जायचं नाही. पळीभर तेल नाही, चिमूटभर मीठ नाही, चुलीतला विस्तव नाही. या वेळी दिलं की दिल्याबरोबर लक्ष्मी जाते. कुणी कितीही अडलेलं असो, म्हाळसाबाई सांगे, "उद्या उजाडल्यावर ये."

एके दिवशी काय झालं? बाळ रडत होतं, येसूचं ताट निवत होतं. राही अंगण ओलांडून आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, मी आत येत नाही. मूल इकडं द्या. मी घेते, येसू दोन घास खाईल."

सासू म्हणाली, "तिन्हीसांजेला मी तेल देत नाही, ती मूल देईन? आणि तुझ्या मांडीवर? तुझी मांडी आम्ही पाहिली आहे."

राही गेली. दुसऱ्या दिवशी आली, तसंच म्हणाली, तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी आली. सासूनं दार लोटून घेतलं.

येसू आत बसून ऐकत होती. जावेचा तिला राग नव्हता. पण दोन गेली होती, हे तिसरं होतं. राहीच्या मांडीवर कसं द्यावं? भीतीनं तिचं तोंड शिवलं.

मग एका सांजेला हैबती बाजाराच्या गावी गेला. सासू देवळात कीर्तनाला गेली. येसू एकटी राहिली. दिवा लावला, बाळानं टाहो फोडला. खांद्यावर घेतलं, रडलं. मांडीवर घेतलं, रडलं. छातीशी धरलं, रडलं. येसूच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, डोळ्यांत झोप नव्हती. तिच्या हातांना काय झालं कोण जाणे. बाळाला गदागदा हलवावं असं हातांना वाटलं. भिंतीवर टाकावं असं वाटलं. येसूनं हातांकडे पाहिलं. हात तिचेच होते. तिनं सुपात लुगड्याची घडी अंथरली, बाळ त्यात निजवलं, सूप जमिनीवर ठेवलं, आणि अनवाणी खोपीकडे धावली.

"जाऊबाई, चला. मला माझ्या हातांचं भय वाटतं."

राहीनं हात धुतले, पदर खोचला, आली. बाळाला पालथं हातावर घेतलं. डोकं कोपरात, पोट तळहातावर, पाय दोहीकडे. फांदीवर घोरपड पडावी तसं बाळ तिच्या हातावर पडलं. मग राही उभ्या घाण्याभोवती फेरे घालू लागली.

येसू म्हणाली, "तरी थांबत नाही हो."

राही म्हणाली, "थांबायला कुणी सांगितलं? त्याला रडायचं आहे. त्यानं रडावं, आपण धरावं. तू जेव."

येसू जेवली. कोरडी भाकरी तिला अमृतासारखी लागली. बाळ रडत होतं, पण एकट्यानं रडत नव्हतं. येसूचा जीव जागेवर आला. ती म्हणाली, "जाऊबाई, उद्यापासून मी आत्याबाईंना सांगते. दिवेलागणीला मूल तुमच्याकडे मीच देईन. या दिव्याची आण."

राही म्हणाली, "आण घेऊ नकोस. दिवा ऐकतो."

एवढ्यात सासू दारात आली. तिनं दिवा पाहिला, राही पाहिली, राहीच्या हातावर मूल पाहिलं. म्हणाली, "मूल कुणी दिलं?"

राहीनं येसूकडे पाहिलं. येसूनं मान खाली घातली.

सासूनं पुन्हा विचारलं, "कुणी दिलं?" येसू ताटाकडे बघत राहिली.

तिसऱ्यांदा विचारलं, "सूनबाई, तू दिलंस?" येसूचे ओठ हलले, शब्द आला नाही.

मग राही म्हणाली, "तिनं दिलं नाही. मी उचललं."

सासू म्हणाली, "चोरटे, चालती हो."

राहीनं मूल येसूच्या हातांत ठेवलं. म्हणाली, "डोकं सांभाळ." खोपीतून एक गाठोडं घेतलं आणि भर तिन्हीसांजेला वेशीबाहेर गेली. त्या घरातून त्या वेळी कधी पळीभर तेल गेलं नव्हतं, माणूस गेलं.

बाळ दुसऱ्या दिवशीही रडलं. तिसऱ्या दिवशीही रडलं. मग पाऊस सरला, थंडी आली, आणि बाळाचं रडणं जसं आलं होतं तसं आपलं आपण गेलं. म्हाळसाबाईनं आळीभर सांगितलं, "पांढऱ्या पायाची गेली, पोर शांत झालं." बायका म्हणाल्या, "खरं हो बाई." येसू आत वाती वळत ऐके. तिचं बाळ वाचलं, घर भरलं, घाणा चालला. पण दिवा लागला की घर शांत होई आणि येसूला घास गिळेना. रडं होतं तेव्हा जेवण मिळत नव्हतं, रडं गेलं तेव्हा जेवण जात नव्हतं.

केरबा रांगला, उभा राहिला, चालू लागला. एका सांजेला येसू दिव्यापुढे उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी मूल मी दिलं होतं. जाऊबाईंना मीच बोलावलं होतं."

म्हातारी म्हणाली, "तेव्हा तोंड कुठं गहाण पडलं होतं?"

येसूनं दिव्याची वात पुढं सारली.

म्हातारी म्हणाली, "माझी जीभ तिखट, हे सगळ्या गावाला ठाऊक. तुझी गोड, म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवला. जा, आण तिला. माझे डोळे मिटल्यावर आणून काय उपयोग?"

येसूनं केरबाला कडेवर घेतलं आणि निघाली. वाटेत धनगराचा वाडा लागला. "इथं राही तेलीण आली होती का?" धनगरीण म्हणाली, "आली होती. दिवेलागणीला माझं रडतं पोर घेतलं, मी जेवले, ती गेली." पुढं कोळ्याची वस्ती लागली. कोळीण म्हणाली, "आली होती. पोर रडतच होतं, तिनं धरलं. माझा डोळा लागला. उठले तेव्हा पोर कुशीत होतं, ती नव्हती." पुढं नदीकाठी एक खेडं लागलं. तिथल्या देवळाच्या ओसरीत राही बसली होती. अंगावर मांस नव्हतं, खोकल्यानं छाती भाजली होती. हातावर कुणाचं मूल रडत होतं. जवळच त्याची आई जेवत होती.

येसू म्हणाली, "जाऊबाई, मी येसू."

"दिसतं. तो कोण?"

"केरबा."

"अजून रडतो?"

"नाही."

राही म्हणाली, "मग कशाला आलीस?"

येसूनं तिचे पाय धरले. "जाऊबाई, घरी चला. आत्याबाईंनी बोलावलंय."

"आता माझ्यानं चालवत नाही. आणि रडतं मूल टाकून कशी येऊ?"

राहीनं मोकळा हात पुढं केला. केरबा आईच्या पदराआड गेला. त्यानं तिला ओळखलं नाही. राही हसली. म्हणाली, "शहाणा आहे. परक्याकडे जात नाही."

येसू रडली. म्हणाली, "जाऊबाई, मी उतले, मी मातले, दिव्याची आण मोडली. मला काही वसा सांगा."

राही म्हणाली, "तुझ्यानं होणार नाही."

"होईल. सांगा."

"मग ऐक. सांज झाली की दिवा लावावा. तेल-मीठ देऊ नये, रीत आहे ती पाळावी. पण मूल म्हणजे मीठ नव्हे. कुणी हात पुढं केला तर उंबऱ्याबाहेर द्यावं. कुणाचं रडलं तर आपण जाऊन घ्यावं. थांबेल म्हणून घेऊ नये, आई जेवावी म्हणून घ्यावं. आणि कुणी विचारलं, मूल कुणी दिलं, तर मान वर करून सांगावं."

"याचं उद्यापन काय?"

"गावात मूल रडायचं थांबेल त्या दिवशी कर."

येसू तिथंच राहिली. राहीला पेज दिली, छातीला तेल चोळलं. पण उशीर झाला होता. अमावास्या उलटली, आणि राही त्या ओसरीतच गेली. तिला न्यायला घरचं माणूस होतं, एवढंच तिच्या पदरात पडलं.

येसू केरबाला घेऊन परत आली. म्हाळसाबाईनं दारातून पाहिलं. दोन माणसं गेली होती, दोनच परत आली. तिनं केरबाला उचलून आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला. आळीत मुलं रडू लागली. येसू कासाराच्या दारी गेली. "मूल दे, मी घेते, तू जेव." कासारीण म्हणाली, "तिन्हीसांजेला आम्ही देत नाही बाई. तुमच्याच घरची रीत." येसू शिंप्याच्या दारी गेली. शिंपिणीची सासू म्हणाली, "तुझी दोन गेली ना ग? मग दुसऱ्याच्याला हात कशाला?" येसूच्या काळजाला घरं पडली. राही तीन दिवस दाराशी काय घेऊन परत जात होती, ते तिला त्या दिवशी कळलं. तरी ती तिसऱ्या दारी गेली. कुंभारीण मूल घेऊन भिंतीला टेकली होती, डोळे कोरडे पडले होते. तिनं येसूकडे पाहिलं आणि मूल पुढं केलं.

येसूनं मूल पालथं हातावर घेतलं. ते रडतच राहिलं. येसू चाकाभोवती फेरे घालत राहिली. कुंभारणीनं भाकरी मोडली.

तेवढ्यात दाराशी काठी वाजली. म्हाळसाबाई आळीतून चाचपडत आली होती. उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "सूनबाई, दमलीस की इकडं दे. मी आत येत नाही."

येसू उंबऱ्यापाशी गेली आणि तिनं मूल दिलं. कुंभाराच्या म्हातारीनं आतून ओरडून विचारलं, "अग, तिन्हीसांजेला मूल बाहेर कुणी दिलं?"

येसू मान वर करून म्हणाली, "मी दिलं."

येसूला जाऊ परत मिळाली नाही. तुम्हां आम्हांला आपली माणसं वेळेवर कळोत, बोलायचा शब्द वेळेवर फुटो, रडत्या बाळाला हात आणि त्याच्या आईला घास मिळो. साठ बोलांची कहाणी, पाच बोलांत सांगितली, सांजवातीच्या पायी सुफळ झाली, पुरी झाली.