हैबतीच्या लग्नाचं आवतण

एका गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? एकदा वाण्यानं त्याला सांगितलं, "जरा बस, मी आलोच." आणि वाणी तालुक्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. हैबती बसलेला होता.

असा माणूस काय कामाचा, असं कुणालाही वाटेल. पण गावाला त्याचा मोठा उपयोग होता. कुणाकडे कार्य निघालं की घरोघर आवतण द्यायचं काम हैबतीचं. हातात ताटली, ताटलीत कुंकू आणि अक्षता. दारात उभं राहायचं, घरातल्या माणसाच्या कपाळाला बोट लावायचं, हातावर चार अक्षता ठेवायच्या आणि सांगायचं. एकेकच माणूस बोलवायचा असेल तर "घरटी एक" म्हणायचं. सगळं घर जेवायला बोलवायचं असेल, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, तर "चूलबंद" म्हणायचं. गावात एकशे सत्तेचाळीस घरं होती. हैबतीनं आजवर एकही घर चुकवलं नव्हतं.

दुसऱ्यांच्या लग्नांची आवतणं देता देता हैबती चौतिशीला आला. मग एकदाचं त्याचंही लग्न ठरलं. मुलगी ओढ्यापलीकडच्या गावची, शेवंता. तिला हैबती पसंत होता. ती म्हणाली, "सांगितलेलं ऐकतो ना? मग झालं तर." तारीख ठरली सत्तावीस, वार शुक्रवार.

त्याच महिन्याच्या एक तारखेला, रविवारी, सरपंचांच्या नातवाचं बारसं झालं. मंगळवारी बारशाला गेलेल्या तिघांचे डोळे आले. लाल झाले, सुजले, चिकटले, गळायला लागले.

ही बातमी ओढा ओलांडून शेवंताच्या वडिलांच्या कानावर गेली. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी निरोप धाडला, "लग्नाआधी मी स्वतः गावात येऊन बघणार. एकाचेही डोळे लाल दिसले तर लग्न मोडलं. मी मुलीला दुसरं स्थळ बघेन."

हैबती घाबरला. धावत यमुनाताईंकडे गेला. यमुनाताई म्हणजे गावच्या आशाताई. औषधाची पेटी आणि वही घेऊन घरोघर फिरणाऱ्या.

"ताई, माझं लग्न वाचवा."

"तूच हवा होतास मला," यमुनाताई म्हणाल्या. "हे बघ, हा विषाणू आहे. नुसतं बघितल्यानं होत नाही. हातानं होतो, टॉवेलानं होतो. बारशाला कोण आलं होतं ते शोधायचं. ते पुढं कुणाला भेटले तेही शोधायचं. त्या सगळ्यांना उद्या नऊ वाजता शाळेत बोलवायचं. डॉक्टर येणार आहेत. कुणी सुटता कामा नये."

"बरं ताई. ध्यानात ठेवतो," हैबती म्हणाला. आणि त्यानं ते ध्यानात ठेवलं.

कुणी सुटू नये म्हणून त्यानं ताटली घेतली. मान आजाऱ्यांचा, म्हणून आधी तिघा आजाऱ्यांकडे गेला. ते डोळे पुसत बाहेर आले. त्यांच्या कपाळाला बोट लावलं. मग तेच बोट घेऊन उरलेल्या एकशे चव्वेचाळीस घरी गेला. प्रत्येक दारात म्हणाला, "उद्या नऊ वाजता, शाळेत, डॉक्टरसाहेबांकडे. चूलबंद."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सहाशे माणसं पंगत धरून बसली. बायका नव्या लुगड्यांत. प्रत्येकाजवळ तांब्या.

डॉक्टर म्हणाले, "एवढे आजारी?"

पहिल्या ओळीतला एक म्हातारा म्हणाला, "आजारी नाही, भुकेले आहोत. वाढप कधी सुरू होणार?"

दुपारी ऊन वाढलं. कपाळावरचं कुंकू घामानं खाली उतरलं. लोकांनी ते हातानं पुसलं आणि त्याच हातानं डोळेही पुसले. शनिवारपर्यंत गावात आणखी एक्केचाळीस जणांचे डोळे आले.

यमुनाताईंनी कपाळाला हात लावला. "अरे हैबती, कुणाला हात लावायचा नाही! जे करायचं ते चार हात लांबून करायचं."

"बरं ताई. ध्यानात ठेवतो."

त्यांनी त्याच्याकडे थेंबांची बाटली दिली. म्हणाल्या, "लखुआजोबांना दिसत नाही नीट. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत दोन दोन थेंब टाकून ये."

लखुआजोबा खाटेवर आडवे होते. हैबतीनं खाटेपासून चार हात मोजले. तिथं काठीनं रेघ ओढली. रेघेमागं उभा राहिला आणि बाटली दाबली. पहिली चिळकांडी आजोबांच्या मिशीवर गेली. दुसरी उशीवर. तिसरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"अरे मेल्या, डोळा इथं आहे!" आजोबा ओरडले.

"दिसतोय, आजोबा. नेम बसत नाही. तुम्हीच जरा डोळा इकडं तिकडं करा."

आजोबांनी मान वळवली तशी चौथी चिळकांडी कानात गेली. बाटली संपली.

यमुनाताई म्हणाल्या, "अरे, औषध घालताना जवळ जायचं! पापणी वर धरायची, डोळा उघडायचा, औषध सोडायचं. मग साबणानं हात धुवायचे."

"बरं ताई. ध्यानात ठेवतो."

सोमवारी त्यांनी त्याला दुसरी बाटली दिली. "ही सरपंचांना नेऊन दे. त्यांना रात्रंदिवस खोकला आहे."

सरपंच जेवून ओसरीवर झोपले होते. हैबती जवळ गेला. पापणी वर धरली. डोळा उघडला. खोकल्याचं लाल, गोड, चिकट औषध त्यात सोडलं. मग साबण शोधून हात धुतले.

सरपंच खोकायचे थांबले आणि ओरडायला लागले. "कोण आहे रे? काय घातलंस?"

"औषध आहे, सरपंच. दुसरा डोळा उघडा, तेवढा राहिलाय."

दुपारभर सरपंच हौदात तोंड बुडवून बसले होते. यमुनाताईंनाच जाऊन समजूत घालावी लागली. परत येऊन त्या हैबतीला म्हणाल्या, "अरे, डोळे आलेत की नाहीत ते आधी बघायचं! ज्याचे डोळे लाल, तो आजारी. त्याला पाच दिवस घरात बसवायचं. बाहेर सोडायचं नाही."

"बरं ताई. ध्यानात ठेवतो."

बुधवारी जिजाबाईंच्या मुलीची पाठवणी होती. दारात जीप उभी. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. आई रडत होती. मावशी रडत होती. शेजारणी निरोपाला आल्या होत्या, त्याही पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. हैबती तिथून चालला होता. त्यानं बघितलं. एकूण चौदा बायका, अठ्ठावीस डोळे, सगळे लाल.

त्यानं काठी आडवी धरून सगळ्यांना घरात लोटलं, बाहेरून कडी घातली आणि ओट्यावर बसला.

जावई जीपमधून उतरला. "अहो पाव्हणे, माझी बायको आत आहे!"

"असू दे. पाच दिवसांनी मिळेल."

"पाच दिवस? अहो, माझी आई तिकडं ओवाळायला उभी आहे!"

"तिचे डोळे कसे आहेत?" हैबतीनं विचारलं.

आतलं रडणं कधीच थांबलं होतं. आता आतून शिव्या येत होत्या. त्या ऐकूनच यमुनाताई धावत आल्या आणि त्यांनी कडी काढली. "अरे, आधी विचारायचं! डोळे कशानं लाल झाले? कधीपासून? कुणाकुणाला भेटलात? विचारायचं आणि वहीत लिहायचं."

"बरं ताई. ध्यानात ठेवतो."

हैबतीनं वही घेतली. तीन दिवस तो आजाऱ्यांच्या दारात चार हातांवर उभा राहून विचारत होता आणि लिहीत होता. एका आजाऱ्याच्या नावापुढं त्यानं लिहिलं, "बायको, भाऊ, म्हैस सकाळी, म्हैस संध्याकाळी." यमुनाताईंनी म्हैस खोडली. बाकी वही मात्र कामाची निघाली. पहिल्या तिघांनी बारशाच्या घरी एकाच टॉवेलाला तोंड पुसलं होतं. आणि पुढच्या एक्केचाळीस जणांना भेटलेला माणूस एकच होता. प्रत्येक पानावर त्याचं नाव होतं.

"कोण आहे हा, ताई?" हैबती चिडून म्हणाला. "याला धरला पाहिजे."

"नाव वाच," यमुनाताई म्हणाल्या.

हैबतीनं वाचलं. खूप वेळ तो स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, आणि त्या दिवसापासून दर तासाला धुवायला लागला.

मग साथ उतरली. ज्यांचे डोळे आले होते ते घरात बसले, आपापला टॉवेल वेगळा ठेवू लागले. चोवीस तारखेला गावात एकही लाल डोळा उरला नाही. तात्या आले. शंभरावर घरांच्या दारांत वाकून त्यांनी माणसांच्या डोळ्यांत बघितलं. मग हैबतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शुक्रवारी अकरा चाळीसचा मुहूर्त. चुकवू नका."

हैबतीला आनंद मावेना. तो यमुनाताईंच्या पाया पडायला गेला. त्या तालुक्याला निघाल्या होत्या. तिथं त्यांची दोन दिवसांची बैठक होती. एसटीत चढता चढता त्या म्हणाल्या, "बाबा रे, यातून एक शीक. माणसं जमून गेल्यावर मागून धावण्यात काही राम नाही. जमायच्या आधीच सांगायला हवं होतं, गर्दी करू नका, घरात बसा. बारशाच्या आधीच कुणी सांगितलं असतं तर एवढा घोळ झालाच नसता."

"बरं ताई. ध्यानात ठेवतो."

एसटी गेली. हैबती स्वतःच्या लग्नाचं आवतण द्यायला निघाला.

त्या दोन दिवसांत हैबतीनं एकही चूक केली नाही. हात साबणानं धुतले. ताटली घेतली नाही. प्रत्येक दारात चार हातांवर उभा राहिला. आधी डोळे बघितले, आधी विचारलं, वहीत लिहिलं. आणि मग सांगितलं. एकशे सत्तेचाळीस घरांत सांगितलं. ओढा ओलांडून पलीकडच्या गावातही सांगितलं.

शुक्रवारी पावणेबाराला यमुनाताई नवी साडी नेसून थेट मांडवात आल्या. गावानं मांडव छान घातला होता. आंब्याचे टहाळे, केळीचे खांब. आत पाटावर हैबती बसला होता. डोक्याला मुंडावळ्या, पायाशी अक्षतांचं ताट. गळ्यात झेंडूचे दोन हार. बाकी मांडवात कुणी नव्हतं.

"अरे, माणसं कुठं गेली?"

"घरात आहेत, ताई. तुम्ही म्हणालात ना, जमायच्या आधीच सांगायचं. आज इथं चारशे माणसं जमणार होती. म्हणून सगळ्यांना सांगून आलो, लग्न आहे, कुणी येऊ नका."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"लगेच ऐकलं. गाव शहाणं झालंय, ताई."

"आणि भटजी?"

"त्यांना तर लांबूनच सांगितलं. त्यांचा आवाज मोठा आहे, तेही लांबून हो म्हणाले."

यमुनाताईंनी मांडवभर नजर फिरवली. हळूच म्हणाल्या, "हैबती, शेवंता कुठं आहे?"

"तिला सगळ्यात आधी सांगितलं, ताई. ती म्हणत होती, अहो, निदान मी तरी यायला हवं. मी म्हटलं, तुम्ही तर मुळीच येऊ नका. सगळी माणसं तुम्हालाच बघायला जमणार आहेत. तात्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग दार लावून घेतलं. शहाणा माणूस. लगेच घरात बसले."

"मग तू इथं काय करतोयस, बाबा?"

"एकट्याची गर्दी होत नाही ना, ताई. मुहूर्त चुकायला नको, म्हणून मी आपलं उरकून घेतलं. मीच अक्षता टाकल्या. हार घातला. शेवंताचा हार इथंच राहिला होता, तोही घातला."

हैबतीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"माझ्या बाजूनं लग्न लागलं, ताई," तो म्हणाला. "आता फक्त तिच्या बाजूनं लागायचं राहिलंय."