गुळव्याला आपलं वाटलं पाहिजे

“पोरगी बोलत नाही, पोरग्याला कळत नाही. दोघं मिळून कसंबसं एक माणूस होईल,” आबा सोप्यात पाहुण्यांना सांगत होते. आत चहा गाळणाऱ्या त्यांच्या सुनेनं, शालननं, ते ऐकलं. लग्नाला नऊ दिवस झाले होते. तिनं चहा गाळला, कप बाहेर नेऊन दिले.

एका गावात एक भोळा गुऱ्हाळवाला होता, तो हाच पोरगा. नाव सर्जेराव. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा, एवढाच त्याचा दोष. स्थळ चांगलं मिळावं म्हणून आबांनी गुऱ्हाळ त्याच्या नावावर केलं होतं. नाव त्याचं, अक्कल आबांची. आणि ती अक्कल आबांनी नुकतीच तालुक्याच्या शिबिरातनं आणली होती. ‘माणसांकडून काम कसं करून घ्यावं’, दोन दिवस, जेवणासह. तिथं एका टायवाल्यानं फळ्यावर पायऱ्या काढून दाखवल्या. माणूस म्हणे एकेक पायरी चढत कामाला लागतो. आबांनी सगळ्या पायऱ्या वहीत उतरवून आणल्या.

गुऱ्हाळावर माणसं मोजकी. मसू चुलवाणात जाळ घालायचा. गौराक्का पिळलेल्या उसाची चिपाडं वाळवायची, तेच जळण. आणि ईश्वरा गुळव्या. रसाची मोठी काहील जाळावरनं कधी उतरवायची, हे पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तो पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळून बघायचा आणि म्हणायचा, “उतरवा.” जरा उशीर झाला की गूळ काळा.

शालन रोज दुपारी चहाची किटली घेऊन तिथं जायची. ईश्वराचे डोळे कायम लाल. धुराड्याचा पत्रा फुटलेला, सगळा धूर त्याच्या तोंडावर.

“अकरा वर्सं सांगतोय, वैनी, पत्रा बदला म्हणून,” तो डोळे पुसत म्हणायचा. शालन त्याला कपभर चहा जास्त द्यायची.

आबांनी वही उघडली. “पहिली पायरी पोट. पोटाला दिलं की माणूस पळतो.”

सर्जेरावानं काहील चढलेली असताना भर दुपारी तांबड्या रश्श्याची पंगत बसवली. हात धरधरून वाढलं. मसू जेवला आणि चुलवाणाच्या उबेला घोरायला लागला. जाळ विझला, रस आंबला.

“अरं खुळ्या, काम सोडून खायला घालतात व्हय? माणसावर नजर ठेव. नजर हलली की काम हललं.”

“चुकलंच, आबा. आता ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी मसू पुन्हा डुलक्या काढत होता. सर्जेराव मात्र गौराक्कासमोर बादली पालथी घालून बसला आणि पापणी न हलवता बघत राहिला.

“मालक, माझ्या तोंडाला काय लागलंय काय?”

“न्हाई. तुमचं चालू द्या. मी नजर ठेवलीया.”

संध्याकाळी गौराक्काचा नवरा काठी घेऊन आला. शालननं त्याला चहा दिला म्हणून काठी खाली राहिली.

“अरं, बायामाणसावर नजर ठेवतात व्हय?” आबा ओरडले. “गोड बोल. शाबासकी दे. शाबासकीनं माणूस दुप्पट काम करतो.”

हे सर्जेरावाला फार पटलं. दुसऱ्या दिवशी मसूनं जरुरीपेक्षा जास्त जाळ घातला. ईश्वरा बोंबलत होता, “जाळ कमी कर!” तेवढ्यात सर्जेरावानं मसूच्या पाठीवर थाप मारली.

“शाबास, मसू! वाघ हायस!”

मसूला वाघ त्याच्या आईनंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. त्यानं जाळ दुप्पट केला. रस उतू गेला आणि गुऱ्हाळाभोवती मुंग्यांची जत्रा भरली.

“चुकीला शाबासकी? अरं, आधी माणसांना विचारावं. विचारलं की माणसाला मान वाटतो.”

“असं होय! विचारतो की.”

पुढच्या दिवशी ईश्वरानं पाण्यात थेंब टाकला, गोळी वळली आणि ओरडला, “उतरवा!”

“थांबा!” सर्जेराव मधे उभा राहिला. “आत्ता उतरवावी असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा.”

“बसून केला तर चालंल का?” मसूनं विचारलं.

“मी घरच्यांना विचारून सांगते,” गौराक्का म्हणाली. काठीची तिला आठवण होती.

तोवर काहिलीतनं काळा धूर निघाला. गूळ कसला, निव्वळ डांबर. ईश्वरानं पंचा खांद्यावर टाकला. “मी चाललो पलीकडच्या गुऱ्हाळावर. तिथं डोळं तरी शाबूत राहतील.”

इकडं तीन एकराचा तोडलेला ऊस दारात पडला होता. गुळव्या आला नाही तर दोन दिवसांत उसाचं चिपाड, आणि वर्षभराच्या संसाराचंही. शालन उसाकडं बघून आत आली. “मामंजी, तो पत्रा...”

“तू चहा बघ!” आबांनी वहीचं शेवटचं पान उलटून सर्जेरावाला सांगितलं. “ही घे शेवटची पायरी. ‘काम करणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे सगळं माझंच आहे.’ तसं वाटलं की माणूस जीव टाकतो. जा, ईश्वराला तसं वाटेल असं कर. आणि या खेपेला सांगितलंय तेवढंच कर.”

सर्जेराव सकाळी गेला, संध्याकाळी पेढे घेऊन आला. तोवर ईश्वरा कामावर परतला होता. काहील चढली होती. ऊस वाचला. आबांनी वहीला हळदकुंकू वाहिलं.

“शाब्बास! काय सांगून पटवलंस त्याला?”

“सांगून पटंना, आबा. म्हणाला, ‘नुसतं वाटून काय उपयोग?’ मग कचेरीत नेलं आणि गुऱ्हाळाचं बक्षीसपत्र करून दिलं. आता त्याला पक्कं वाटतंय.”

आबा भिंतीला टेकले. कुंकवासकट वही मांडीवरनं घसरली. ते म्हणाले, “आता करायचं काय? अरं, बोला कुणीतरी! शालन, तू तरी तोंड उघड!”

शालननं पदर सारखा केला.

“चहा घेऊन गेले होते मी, मामंजी. नव्या मालकांनी सगळ्यात आधी पत्रा बदलला. तुम्हा दोघांच्या कामाचंही विचारून आले. उद्यापासनं जाळ घालायला या म्हणालेत. मजुरी मात्र एकाचीच मिळेल. मीच सांगितलं त्यांना, दोघं मिळून कसंबसं एक माणूस होतंय.”